शाळेच्या यादीतला ‘लगेच चिकटणारा गोंद’: मुख्याध्यापक आणि कार्यानुभवाच्या शिक्षकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांचे मुख्याध्यापक, तसेच कार्यानुभव आणि कला हे विषय शिकवणारे शिक्षक यांस,

विषय: पुठ्ठ्याच्या हस्तकलेसाठी मुलांना कोणता गोंद आणायला सांगावा याबाबत विनंती.

सादर नमस्कार.

मी रत्नागिरीत बाइंडिंगचे दुकान चालवते. दुकान मूळ वडिलांचे. त्यांच्यामागे गेली पंधरा वर्षे मी ते पाहते. वह्या, रजिस्टरे, प्रबंध आणि देवस्थानांची हिशेबाची बाडे यांना पुठ्ठे चढवण्यात माझा दिवस जातो, त्यामुळे पुठ्ठा आणि त्याला धरून ठेवणारा गोंद यांच्याशी माझी ओळख रोजची आहे. हे पत्र कोणा एका शाळेविरुद्धची तक्रार नाही. शाळा सुरू झाल्यापासून दिवाळीपर्यंत मुले माझ्याकडे वाया गेलेले पुठ्ठे मागायला येतात, त्यांच्या हातात शाळेने दिलेली साहित्याची यादी असते, आणि त्या यादीच्या शेवटच्या ओळीत गोंदाविषयी जे लिहिलेले असते ते वाचून मला दरवेळी धसका बसतो, म्हणून हे लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी माझा भाचा तिसरीत होता. वर्गात पुठ्ठ्याचे घर करायचे होते आणि यादीत खोक्याचा पुठ्ठा, रंगीत कागद, कात्री, पट्टी यांच्या खाली ‘लगेच चिकटणारा गोंद’ असे लिहिले होते. शाळेसमोरच्या दुकानात हा गोंद पाच रुपयांना मिळतो. ट्यूबचे तोंड सुकून बंद झाले होते, म्हणून त्याने ती मांडीवर धरली आणि कंपासपेटीतल्या कर्कटकाचे टोक तिच्यात खुपसले. गोंद उडाला तो थेट सुती हाफपँटवर. पाहता पाहता कापडातून पांढरट धूर निघाला आणि पोर किंचाळले. बाई धावत आल्या, घाबरून कापड ओढणार इतक्यात शाळेतल्या मावशींनी हात धुण्यासाठी ठेवलेली बादली उचलून त्याच्या मांडीवर ओतली. मावशींना त्यामागचे रसायनशास्त्र ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण त्यांनी केले तेच बरोबर होते. कापड चामडीला चिकटले होते. डॉक्टरांनी ते कोमट पाण्यात भिजवत भिजवत सोडवले. रुपयाच्या नाण्याएवढा डाग त्याच्या मांडीवर अजून आहे.

या गोंदाचे रासायनिक नाव सायनोॲक्रिलेट. 1942 साली अमेरिकेत ईस्टमन कोडॅक कंपनीतले हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत असताना तो हाती लागला, आणि तो दिसेल त्या वस्तूला चिकटतो म्हणून तेव्हा चक्क बाजूला टाकला गेला. बाजारात तो आला 1958 साली. तो वाळत नाही. हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या किंचित ओलाव्याशी त्याची क्रिया होऊन तो काही सेकंदांत घट्ट होतो, आणि या क्रियेत उष्णता बाहेर पडते. काचेवर एखादा थेंब पडला तर ती उष्णता जाणवतही नाही. सुती कापडात मात्र असंख्य बारीक तंतू असतात, त्या सर्वांवर गोंद एकदम पसरतो, क्रिया झपाट्याने होते आणि कापड चटका बसण्याइतके तापते. भाच्याच्या मांडीवर हेच झाले. ओलाव्यावर घट्ट होणाऱ्या या पदार्थाला घामेजलेली बोटे, ओठ आणि डोळा ही तर हक्काची जागा. आमच्या कोकणात पावसाळ्यात भिंतींनाही पाणी सुटते. अशा हवेत तो आणखी घाईने आवळतो.

यापुढचे मी बाइंडर म्हणून सांगते. सुरक्षिततेचा प्रश्न घटकाभर बाजूला ठेवला, तरी पुठ्ठ्यासाठी हा गोंद मुळातच चुकीचा आहे. तो पाण्यासारखा पातळ असतो आणि पुठ्ठा सच्छिद्र. टाकलेला थेंब पुठ्ठा पिऊन टाकतो आणि जोड कोरडाच राहतो. मूल आणखी दोन थेंब टाकते, मग आणखी दोन, आणि शेवटी गोंद पुठ्ठ्यावर कमी आणि बोटांवर अधिक असतो. घट्ट झाल्यावर तो काचेसारखा ठिसूळ होतो, म्हणून वाकणाऱ्या पुठ्ठ्यावरचा जोड दप्तरातून घरी पोचेपर्यंत तटकन सुटतो. वेष्टनावर ‘मुलांपासून दूर ठेवा’ अशी सूचना छापलेली असते, आणि आपण तीच वस्तू आठ वर्षांच्या मुलाला दप्तरात घालून आणायला सांगतो.

असे का होते याचा मी पुष्कळ विचार केला. शिक्षक निष्काळजी असतात म्हणून होते, असे मला वाटत नाही. हा गोंद यादीत येतो तो घड्याळामुळे. पस्तीस मिनिटांची तासिका. त्यात पहिली दहा मिनिटे साहित्य बाहेर काढण्यात आणि शेवटची पाच कचरा उचलण्यात जातात. उरलेल्या वीस मिनिटांत चाळीस मुलांची चाळीस घरे उभी राहायला हवीत, कारण पुढच्या तासाला गणित आहे आणि वस्तू वर्गात ठेवायला जागा नाही. वीस मिनिटांत पुठ्ठ्याची चौकट उभी राहील असा मुलांना चालणारा गोंद माझ्या माहितीत नाही. पुठ्ठ्याचा जोड सावकाश होतो, हे त्या कामाचे अंगच आहे. आमच्या दुकानात चिकटवलेले रजिस्टर रात्रभर शिकंज्यात दाबून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाइकाच्या हातात देतो. मुलांच्या घराला शिकंजा लागणार नाही, पण वेळ लागेल. तो वेळ वेळापत्रकाने दिला नाही, तर त्याची भरपाई मुलाच्या बोटांनी होते.

दुसरे कारण जोडाचे आहे, आणि ते अधिक सहज दूर होण्यासारखे आहे. मुलांची घरे कोसळतात तेव्हा ‘गोंद चांगला नाही’ असे सगळे म्हणतात. मी अशी कित्येक घरे हातात घेऊन पाहिली आहेत. जवळजवळ प्रत्येकात दोन भिंती काठाला काठ लावून उभ्या केलेल्या असतात. खोक्याच्या पुठ्ठ्याचा काठ म्हणजे दोन पातळ कागद आणि मध्ये लाटांची पोकळी. तिथे गोंद धरणार कशाला? भिंतीच्या कडेला बोटभर रुंदीचा कान जास्तीचा सोडावा, त्या रेषेवर पट्टी ठेवून रिकाम्या बॉलपेनने हलकी खाच ओढावी, कान आत दुमडावा आणि तो सपाट भिंतीवर चिकटवावा. गोंदाला धरायला मिळणारी जागा कितीतरी पटींनी वाढते आणि साधा पांढरा गोंदही ते घर वर्षभर धरून ठेवतो. कोपऱ्यात आतून कागदाची पट्टी घडी घालून लावली की तो कोपरा हलत नाही. दोन तुकडे एकमेकांत अडकतील अशा समोरासमोर खाचा कापल्या, तर झाड, बैल किंवा छपराचे वासे यांना गोंदाची गरजच पडत नाही. पाचवीच्या मुलांना मी एकदा दुकानात बसवून हे दाखवले, तेव्हा एका मुलीने विचारले, “मग आत्तापर्यंत आम्हाला कोणी सांगितलं का नाही?” तिला काय सांगावे ते मला सुचले नाही.

आता कोणता गोंद आणायला सांगावा, याविषयी.

पुठ्ठ्यासाठी माझे पहिले मत पाण्यातल्या पांढऱ्या गोंदाला आहे. पॉलिव्हिनाइल ॲसिटेट नावाच्या पदार्थाचे अतिबारीक कण पाण्यात तरंगत ठेवले की हा दुधासारखा गोंद होतो. पाणी पुठ्ठ्यात जिरते आणि हवेत उडते, कण एकमेकांत मिसळून त्यांचा पारदर्शक, लवचिक पापुद्रा होतो आणि तो कागदाच्या धाग्यांत रुततो. फेव्हिकॉल 1959 पासून आपल्याकडे आहे, आणि तो इतका घरचा झाला की कोणत्याही कंपनीच्या पांढऱ्या गोंदाला आपण फेव्हिकॉलच म्हणतो. तो ओला असेपर्यंत साध्या पाण्याने निघतो, भपकारा येत नाही, पेट घेत नाही, आणि बोटाला लागून वाळला तर मुलांना तो सोलून काढण्यात मजाच वाटते. दहा-पंधरा मिनिटांत जोड हात सोडण्याइतका धरतो आणि पुरता पक्का व्हायला एक दिवस घेतो. मात्र यादीत नुसते ‘फेव्हिकॉल’ लिहिले की काही पालक घरी फर्निचर करून गेलेल्या सुताराच्या डब्यातला गोंद आइस्क्रीमच्या कपात ओतून देतात. सुतारकामाच्या, विशेषतः पाण्याला दाद न देणाऱ्या गोंदात आणखी काय मिसळलेले असते ते त्या कपावर लिहिलेले नसते. शाळेच्या वापरासाठी म्हणून विकली जाणारी, लेबल शाबूत असलेली बाटलीच आणायला सांगावी. या गोंदात तो नासू नये म्हणून परिरक्षक घातलेले असतात आणि एखाद्या मुलाच्या त्वचेला ते सोसत नाहीत. कोणाच्या हाताला पुरळ आले तर त्याला ब्रश द्यावा किंवा खळ, म्हणजे पीठ शिजवून केलेला गोंद, द्यावी.

लावण्याची पद्धतही सांगते, कारण अर्धी नासाडी तिथे होते. मुले बाटली पिळून गोंदाचे वेटोळे घालतात. पुठ्ठा भिजतो, फुगतो, वाळताना पापडासारखा वळतो आणि मग सगळे म्हणतात की या गोंदाने पुठ्ठा वाकतो. बाटलीच्या झाकणात थोडा गोंद घ्यावा, जुन्या ब्रशने किंवा पुठ्ठ्याच्याच चिंचोळ्या तुकड्याने दुधावरच्या सायीइतका थर पसरावा, दोन्ही भाग दाबून मनात पन्नास आकडे मोजावेत आणि वर एखादे जाड पुस्तक ठेवावे. मोठ्या पुठ्ठ्याच्या एका बाजूला रंगीत कागद चिकटवला तर वाळताना तो कागद पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. मागच्या बाजूलाही एखादा रद्दी कागद चिकटवला की ओढ दोन्हीकडून सारखी होते आणि पुठ्ठा सरळ राहतो. आमच्या धंद्यात प्रत्येक पुठ्ठ्याला आतून अस्तर असते ते केवळ शोभेसाठी नव्हे.

माझ्या मनात खरी जागा मात्र खळीची आहे. लहानपणी आपण सर्वांनी भाताच्या शिताने पतंग आणि पाकिटे चिकटवली आहेत. खळ ही त्याच घरातली. एक वाटी मैदा घ्यावा, तो आधी एक वाटी थंड पाण्यात गुठळी न राहता कालवावा, मग उरलेले तीन ते चार वाट्या पाणी घालून मंद आचेवर ठेवावे आणि ढवळणे क्षणभरही थांबवू नये. सुरुवातीला पातेल्यात चुनखडीसारखे पांढरे पाणी दिसते. साधारण साठ-पासष्ट अंश सेल्सिअसला पिठातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगू लागतात, चमचा जड होतो आणि मग एका क्षणी रंग बदलतो: अपारदर्शक पांढऱ्याचे ओल्या शंखासारखे चकचकीत, अर्धवट पारदर्शक होते. तो रंग आला की आणखी दोन मिनिटे शिजवून उतरवावी, वर पाण्यात पिळलेला फडका टाकून निववावी म्हणजे साय धरत नाही, आणि पातळ कापडातून गाळावी. एवढी खळ एका वर्गाच्या कामाला पुरते. दोन दिवसांच्या आत वापरावी, आंबट वास आला की फेकून द्यावी. खोक्याचा पुठ्ठा कारखान्यात तयार होतो तेव्हा त्याच्या लाटा आणि वरखालचे कागद बहुधा मक्याच्या स्टार्चच्या चिकीनेच जोडलेले असतात. खोक्यासाठी पिठाचा गोंद कमकुवत आहे असे म्हणणाऱ्यांनी तो खोका एकदा हाताने फाडून पाहावा. वर्गात गव्हाची ॲलर्जी किंवा सीलिॲक आजार असलेले मूल असेल तर मैद्याऐवजी कॉर्नफ्लॉवर किंवा तांदळाचे पीठ घ्यावे, कारण लहान मुले बोटे चाटणारच.

इथे एक इशारा, आणि तो माझ्या स्वतःच्या धंद्याविरुद्ध आहे. दरवर्षी दोन-चार पालक डबी घेऊन येतात आणि “ताई, तुमच्याकडची थोडी खळ द्या” म्हणतात. मी देत नाही, आणि त्यांना ते कंजूषपणाचे वाटते. बाइंडरच्या खळीत मोरचूद असतो. पुस्तकांना कसर आणि झुरळ लागू नये, खळीला बुरशी येऊ नये म्हणून वडील शिजत्या खळीत निळ्या खड्यांची चिमूट टाकत, मीही टाकते. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. ते पोटात गेले तर विषारी आहे. तेव्हा ‘खळ म्हणजे पिठाची, म्हणजे निर्धोक’ हे शाळेत किंवा घरी शिजवलेल्या खळीपुरते खरे आहे, बाजारातून आणलेल्या खळीबद्दल नाही. खळ टिकावी म्हणून टाकणखार (बोरॅक्स) घालण्याचा सल्लाही फिरत असतो. मुलांच्या हातात जाणाऱ्या खळीत तोही नको. तिला टिकवायची गरजच काय? उद्या पुन्हा शिजवता येते.

डिंकाबद्दल थोडक्यात. बाभळीचा अस्सल डिंक पाण्यात भिजवून केलेला गोंद मुलांना निर्धोक आहे. बाळंतिणीला ज्याचे लाडू देतो त्याच्याच जातकुळीचा. पण तो वाळल्यावर कडक होऊन तडकतो, म्हणून कागदावर कागद एवढ्यापुरताच ठीक. दुकानात ‘गम’ म्हणून मिळणारी बाटली मात्र डिंकाचीच असेल असे समजू नये. फिरवून वर येणारी ग्लू स्टिक 1969 साली जर्मनीतल्या हेंकेल कंपनीने लिपस्टिकच्या धर्तीवर आणली. पहिली-दुसरीच्या मुलांच्या हातात ती उत्तम, कारण काही सांडत नाही. जाड पुठ्ठा मात्र तिला पेलत नाही. आमचा जुना सरस जनावरांच्या कातड्या-हाडांचा असतो आणि गरम करून लावावा लागतो. अनेक घरांना ते चालणार नाही आणि शाळेत त्याची गरजही नाही.

ग्लू गनविषयी जरा थांबून लिहिते, कारण अलीकडे ती प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी प्रत्येक शाळेत दिसते आणि तिला कोणी धोक्याचे मानत नाही. तिच्यातली कांडी प्लास्टिकची असते आणि साध्या गनमध्ये ती सुमारे 190 अंश सेल्सिअसपर्यंत तापते. ‘लो टेम्परेचर’ म्हणून मिळणारी गनही 120 अंशांच्या आसपास असते. साठ अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत कातडी भाजते, हे लक्षात घेतले तर 120 अंशांना ‘लो’ म्हणणे किती सापेक्ष आहे ते कळेल. पाणी ओघळून जाते. हा वितळलेला गोंद चिकटून राहतो आणि निवेपर्यंत भाजत राहतो. गन वापरायचीच असेल तर ती वेगळ्या टेबलावर, शिक्षकांच्याच हातात असावी, मुलांनी तुकडा धरून रांगेत यावे. पाचवीच्या खालच्या वर्गात ती आणूच नये, असे माझे मत आहे.

पिवळसर, दाट, डब्यातून येणारा रबरी गोंद, जो चपला आणि रेक्झिनसाठी वापरतात, तो शाळेच्या यादीत कधीच येता कामा नये. त्यात टोल्युइन, हेक्झेन यांसारखी द्रावके असतात. ती झटकन पेट घेतात आणि त्यांच्या वाफा डोक्याला झिंग आणतात. हेक्झेनच्या वाफांत वर्षानुवर्षे काम केलेल्या चप्पल-बूट कारागिरांच्या हातापायांच्या नसा निकामी झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. शिवाय हाच गोंद हुंगण्याचे व्यसन रस्त्यावरच्या मुलांना लागते, हे स्टेशनाजवळ राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. त्या वासाची पहिली ओळख मुलाला शाळेच्या बाकावर व्हावी, ही कल्पनाच मला सहन होत नाही. दोन नळ्या मिसळून करायचे इपॉक्सी आणि फवाऱ्याचा गोंद हेही पुठ्ठ्याला अनावश्यक आहेत.

लेबलाबाबत शिक्षक मला नेहमी विचारतात की ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिले असले की झाले ना? तो शब्द एकटा असेल तर तो कोणी आणि कशाच्या आधारे लिहिला हे कळत नाही. 1 जानेवारी 2021 पासून आपल्या देशात चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. त्यामागच्या आयएस 9873 या मानकाच्या तिसऱ्या भागात शिसे, कॅडमियम, पारा, आर्सेनिक अशा आठ मूलद्रव्यांच्या मर्यादा ठरवलेल्या आहेत. खेळणे म्हणून विकल्या जाणाऱ्या हस्तकलेच्या संचावर ते चिन्ह जरूर शोधावे. सुटी गोंदाची बाटली हे खेळणे नव्हे, म्हणून तिच्यावर चिन्ह दिसले नाही याचा अर्थ ती वाईट असा होत नाही. युरोपातून आलेल्या मालावर ईएन 71 आणि अमेरिकी मालावर एपी अशी अक्षरे असलेला शिक्का दिसतो. त्यांनाही काही अर्थ आहे. यांपैकी काहीच नसेल तर मी स्वतः चार गोष्टी पाहते: निर्मात्याचे नाव आणि पत्ता आहे का, कोणत्या वयासाठी ते लिहिले आहे का, ज्वाळेचे चिन्ह तर नाही ना, आणि ओला गोंद साध्या पाण्याने बोटावरून निघतो का. झाकण उघडताच हातभर अंतरावरून थिनरसारखा वास आला तर मी पुढचे काही वाचत नाही.

गणपतीच्या दिवसांत हा विषय शाळेबाहेरही जातो. 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि मखरे पुठ्ठ्याची होऊ लागली. हे फार चांगले झाले, माझ्या दुकानालाही काम मिळाले. पण थर्माकोलच्या काळातल्या सवयी मागे उरल्या आहेत: चतुर्थीच्या आदल्या रात्री अकरा वाजता मखर उभे करायचे, त्यासाठी गन आणि झटपट गोंद, आणि मदतीला घरातली पोरे. शाळेत जर मुले कान सोडायला, खाच पाडायला आणि खळ शिजवायला शिकली, तर घरातल्या मोठ्यांना तीच शिकवतील. भाद्रपदातल्या दमट हवेत पांढरा गोंद वाळायला दुप्पट वेळ घेतो, म्हणून मखर चार दिवस आधी घ्यावे, हेही त्यांनी सांगावे.

आणि तरीही अपघात झालाच तर वर्गात काय करावे, हे प्रत्येक कार्यानुभवाच्या कपाटावर लिहून लावावे अशी माझी विनंती आहे. झटपट गोंदाने बोटे चिकटली तर ओढून सोडवू नयेत. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवावीत आणि हळूहळू, एकमेकांवर सरकवत सोडवावीत. पापण्या चिकटल्या तर त्या जबरदस्तीने उघडू नयेत, डोळ्यावर भरपूर स्वच्छ पाणी सोडावे आणि लगेच नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. नेलपॉलिश काढायचे द्रव डोळ्याजवळ नेण्याचा विचारसुद्धा करू नये. ओला गोंद कापसाच्या बोळ्याने टिपू नये, कारण कापूसच तापतो. सुती कपड्यावर सांडला तर मावशींनी केले तसे भरपूर पाणी ओतावे आणि चिकटलेले कापड ओढू नये. गनच्या गोंदाने भाजले तर वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावे, चिकटलेला गोंद उपटू नये, आणि हळद, टूथपेस्ट किंवा तूप लावू नये.

1937 साली वर्ध्यातल्या परिषदेत गांधीजींनी हातकामाला शिक्षणाच्या मध्यभागी ठेवण्याचा विचार मांडला. आज आपल्या वेळापत्रकात ते आठवड्याच्या एखाद्या तासिकेपुरते उरले आहे, आणि त्या तासिकेतही वस्तू पूर्ण होण्याची घाई हातकामावर मात करते. म्हणून माझे मागणे गोंदापासून सुरू होऊन वेळापत्रकापाशी येते. पुठ्ठ्याचे काम असेल त्या आठवड्यात सलग दोन तासिका द्याव्यात. आनंददायी शनिवारच्या उपक्रमात हे बसवणे फारसे अवघड नाही. पहिल्या दिवशी कापणे आणि चिकटवणे, मधली रात्र वर्गाच्या मागच्या बाकांवर वाळणे, दुसऱ्या दिवशी रंग, अशी विभागणी करावी. यादीत ‘गोंद’ एवढेच न लिहिता ‘शाळेसाठीचा पांढरा गोंद किंवा घरी शिजवलेली खळ’ असे लिहावे, आणि त्याखाली ‘झटपट चिकटणारा गोंद, ग्लू गन आणि रबरी गोंद आणू नये’ ही ओळ घालावी. शाळेला जमत असेल तर गोंद मुलांकडून न मागवता एकच मोठी बाटली शाळेने आणावी आणि झाकणाझाकणाने वाटावी. खर्चही कमी येतो आणि दप्तरात काय येते याची काळजीही उरत नाही. मूल्यमापन करताना कोणाचे घर सर्वांत चकचकीत हे पाहण्याऐवजी कोणाचा जोड पक्का हे हलवून पाहावे. तसे झाले, तर आदल्या रात्री आई-वडिलांनी गनने करून दिलेली घरे शाळेत येणे आपोआप कमी होईल असा माझा अंदाज आहे.

रत्नागिरी आणि आसपासच्या ज्या शाळांना खळ शिजवणे आणि पुठ्ठ्याचे जोड प्रत्यक्ष पाहायचे असतील, तिथे मी सोमवारी येऊ शकते. त्या दिवशी माझे दुकान बंद असते. मैदा, पातेले आणि शेगडी मी आणीन, मोरचुदाची डबी दुकानातच ठेवीन. शाळेने फक्त सलग दोन तासिका मोकळ्या ठेवाव्यात.

आपली विश्वासू,
पुस्तकांना पुठ्ठे चढवणारी एक बाइंडर,
रत्नागिरी